शेक्सपिअरची नाटकं लिहिली कोणी? कागद, खिळे आणि आकडे काय सांगतात

दप्तरखाना

शेक्सपिअरच्या लेखकत्वाचा विषय निघाला की दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात आणि चर्चा तिथेच रुतून बसते. पहिला प्रश्न असा की स्ट्रॅटफर्डचा विल्यम शेक्सपिअर नुसता नावाचा धनी होता आणि लिहिता हात दुसऱ्याच कोणाचा होता का. दुसरा प्रश्न, त्याच्या नावावरच्या नाटकांत इतरांचं लिखाण किती आहे. पहिल्याचं उत्तर माझ्या मते कागदपत्रांनी दिलेलं आहे. दुसरा अजून खुला आहे आणि अभ्यासाला भरपूर खाद्य तिथेच आहे.

पहिल्यात कळीचा मुद्दा एकच. स्ट्रॅटफर्डहून आलेला नट आणि पुस्तकांवर नाव असलेला कवी ही एकच व्यक्ती आहे, हे त्या काळच्या माणसांना ठाऊक होतं का? बहुतेकजण थेट १६२३ च्या फोलिओकडे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या नाटकांच्या मोठ्या संग्रहाकडे, धाव घेतात. त्याआधीची साखळी मला जास्त मोलाची वाटते.

१५९६ मध्ये विल्यमचे वडील जॉन शेक्सपिअर यांच्या नावे कुलचिन्हासाठी अर्ज झाला. हे स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे कारागीर, १५६८ मध्ये गावचे बेलिफ म्हणजे नगरप्रमुख. अर्जाचे मसुदे कुलचिन्हं देणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेत आहेत. १६०२ मध्ये राल्फ ब्रुक नावाच्या तिथल्या अधिकाऱ्याने तक्रार केली की वरिष्ठ लोक अपात्रांना कुलचिन्हं देत सुटले आहेत. त्या तक्रारीच्या पुढे उतरवून घेतलेल्या प्रतीत हेच चिन्ह काढून खाली लिहिलंय, 'शेक्सपिअर, नट'. तक्रारीला उत्तर दिलं ते विल्यम डेथिक आणि विल्यम कॅमडेन या तिथल्याच दोन अधिकाऱ्यांनी, आणि त्यात जॉन यांनी स्ट्रॅटफर्डला अधिकारपद भूषवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे हे घराणं स्ट्रॅटफर्डचं आणि मुलगा नट, हे कॅमडेनला पक्कं माहीत होतं.

आता पुढचं पाहा. याच कॅमडेनने १६०५ मध्ये छापलेल्या ग्रंथात आपल्या काळातल्या उत्तम कवींची नावं दिली: सिडनी, स्पेन्सर, डॅनियल, जॉन्सन, ड्रेटन, चॅपमन, मार्स्टन आणि विल्यम शेक्सपिअर. कॅमडेन हा बेन जॉन्सन या नाटककाराचा वेस्टमिन्स्टर शाळेतला गुरू. या वर्तुळात पडद्याआडचा लेखक इतकी वर्षं लपून राहिला असेल हे मला पटत नाही.

---

पृच्छक

कॅमडेनचा मुद्दा वजनदार आहे, तो मी बाजूला सारत नाही. पण शंकेची बाजूही नीट मांडली गेली पाहिजे. ती फक्त 'खेडवळ माणूस एवढं कसं लिहील' या उच्चभ्रू नाराजीवर उभी नाही.

सगळ्यात नेमका युक्तिवाद डायना प्राइस यांचा आहे. त्यांनी त्या काळचे सुमारे दोन डझन लेखक घेतले आणि प्रत्येकाबाबत हयातीतले, खासगी स्वरूपाचे, लेखनाशी निगडित कागद तपासले: शिक्षणाची नोंद, लेखनाबद्दलची पत्रं, लिखाणाचे पैसे मिळाल्याची नोंद, स्वतःच्या हातची हस्तलिखितं, स्वतःच्या मालकीची पुस्तकं. बाकी प्रत्येकाकडे काही ना काही सापडतं. शेक्सपिअरचा रकाना रिकामा राहतो.

त्याच्या हातच्या निर्विवाद म्हणाव्यात अशा फक्त सहा सह्या आहेत. एक १६१२ च्या बेलट-माउंटजॉय दाव्यातल्या साक्षीखाली, दोन मार्च १६१३ च्या ब्लॅकफ्रायर्समधल्या घराच्या कागदांवर, तीन १६१६ च्या मृत्युपत्रावर. सहाही वेगवेगळ्या दिसतात, अक्षरं गाळलेली आहेत. मृत्युपत्रात चांदीचं भांडं आहे, पलंग आहे, तलवार आहे. पुस्तक एकही नाही. बरबेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या नटांना अंगठीसाठी पैसे ठेवल्याची ओळ आहे, पण ती मागाहून दोन ओळींच्या मध्ये घातलेली आहे.

---

दप्तरखाना

पृच्छक, एकेक घेऊ.

सह्या. ब्लॅकफ्रायर्सच्या व्यवहारात एक खरेदीखत आहे आणि दुसऱ्या दिवशीचं गहाणखत. त्या दोन्हींवरच्या सह्या कागदाच्या अंगावर नाहीत. खाली मोहोर लटकवण्यासाठी चर्मपत्राची अरुंद पट्टी ओवलेली असते, तिच्यावर त्या केलेल्या आहेत. जागा बोटभर, म्हणून नाव आखडलेलं. मृत्युपत्राच्या वेळी माणूस मरणाच्या दारात होता. २५ मार्चची तारीख, २३ एप्रिलला मृत्यू. आणि नावाचं स्पेलिंग बदलणं हा त्या काळचा सर्वसाधारण प्रकार होता. त्याच काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याची आख्ख्या जगात एकच सही उरली आहे, १५८५ ची, आणि तीत त्याने नाव 'मार्ली' असं लिहिलंय. त्यावरून मार्लो लिहिता नव्हता असं कोणी म्हणत नाही.

पुस्तकं. त्या काळी जंगम मालमत्तेची यादी मृत्युपत्राला वेगळी जोडत. या मृत्युपत्रावर ती यादी सादर झाल्याची नोंद आहे, यादी मात्र गहाळ. नाटकांच्या संहिता तर तो ज्या नाटकमंडळीत होता तिच्या मालकीच्या, त्या मृत्युपत्रात येणारच नाहीत. अंगठ्यांची ओळ मागाहून घातलीय हे खरं, पण त्या दस्तऐवजात अशा घुसवलेल्या ओळी बऱ्याच आहेत. पत्नीला दिलेला तो प्रसिद्ध दुय्यम पलंगही त्यातच. मसुदा घाईने दुरुस्त होत होता, एवढाच त्याचा अर्थ.

प्राइस यांच्या तक्त्याची अडचण नियमात आहे. मरणोत्तर पुरावा आणि छापील नामनिर्देश बाजूला ठेवले की जे उरतं ते योगायोगाने टिकलेले खासगी कागद. स्ट्रॅटफर्डच्या शाळेचे त्या काळचे हजेरीपटच टिकलेले नाहीत, त्यामुळे तिथे शिकलेल्या कोणाचीच नोंद दाखवता येत नाही.

आणि एक खासगी कागद त्या नियमातही बसायला हवा. जॉर्ज बक हा पुढे नाटकांना परवानगी देणारा 'मास्टर ऑफ द रेव्हल्स' झाला. १५९९ मध्ये छापलेल्या एका निनावी नाटकाच्या शीर्षकपानावर त्याने स्वतःच्या हाताने टिपण केलंय: हे नाटक एका पाद्र्याने लिहिलं, त्याने स्वतः त्यात काम केलं, साक्षीदार डब्ल्यू. शेक्सपिअर. लेखक कोण हे विचारायला बक शेक्सपिअरकडे गेला होता. ती प्रत वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहे.

---

तिसरी घंटा

दप्तरातले पुरावे तुम्ही सांगितलेत. मला त्याहून पटतात ते नाटकांच्या पोटातले, कारण तालमीची सवय असलेल्याला ते लगेच दिसतात.

'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' ची १६०० ची क्वार्टो, म्हणजे छोट्या आकाराची सुटी छापील प्रत घ्या. चौथ्या अंकात डॉगबेरी आणि व्हर्जेस चौकशी करतात त्या प्रवेशात संवादांच्या आधी पात्रांची नावं यायला हवीत. तिथे छापलंय 'केम्प' आणि 'काउली'. ही मंडळीतल्या नटांची नावं आहेत: विल केम्प आणि रिचर्ड काउली. 'रोमिओ अँड ज्युलिएट' च्या १५९९ च्या प्रतीत नोकर पीटर येतो त्या जागी रंगसूचना आहे, 'विल केम्प येतो'. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्राच्या आधी नट उभा होता.

त्याहून बोलका नमुना 'हेन्री चौथा' भाग दोनच्या १६०० च्या प्रतीत आहे. शेवटाकडे एक शिपाई बायकांना पकडून नेतो. रंगसूचना म्हणते, 'सिंक्लो आणि तीन-चार शिपाई येतात'. जॉन सिंक्लो हा मंडळीतला अतिशय किडकिडीत नट. पुढचे संवाद वाचा: त्या बायका शिपायाला हाडांचा सापळा, उपाशी कुत्रा, कागदी तोंडाचा अशा शिव्या देतात. ती विनोदाची जागा सिंक्लोच्या अंगकाठीवर बेतलेली आहे. दुसरा धष्टपुष्ट नट घातला तर प्रवेश पडेल.

१५९९ च्या सुमाराला केम्प मंडळी सोडून गेला आणि रॉबर्ट आर्मिन आला. आर्मिन गाणारा, शब्दांशी खेळणारा. त्यानंतर विदूषकाची जातच बदलते: टचस्टोन, फेस्टे, लिअरचा फूल. मंडळीत कोण आलं, कोण गेलं याचा हिशोब ठेवून लिहिणारा माणूस मंडळीतलाच असणार. दरबारातून गुपचूप संहिता पाठवणाऱ्या सरदाराला सिंक्लोचं किडकिडीतपण एवढं जवळून माहीत असेल?

आणि तो नट-लेखक होता हे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक होतं. १६०१-०२ च्या सुमाराला तिथे झालेल्या एका नाटकात केम्पचं पात्र म्हणतं की विद्यापीठातल्या लेखकांना नाटक जमत नाही, आमचा सोबती शेक्सपिअर त्या सगळ्यांना पुरून उरतो.

---

पृच्छक

सिंक्लोचा मुद्दा उत्तम. पण ती नावं सूत्रधाराने किंवा प्रत करणाऱ्याने घातली असण्याची शक्यता उरतेच.

माझा रोख ऑक्सफर्डकडे आहे. एडवर्ड डी व्हीअर, ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल (१५५०–१६०४). जे. टी. लूनी यांनी १९२० मध्ये हे नाव पुढे आणलं, फ्रॉइडलाही ते पटलं होतं. इटलीत राहून आलेला, दरबारी, कवी, नाटकमंडळीचा आश्रयदाता. हॅम्लेटचं आयुष्य त्याच्या आयुष्याशी जुळतं. शिवाय पुस्तकांवर नाव अनेकदा 'शेक-स्पिअर' असं मध्ये आडवी रेघ घालून छापलंय. टोपणनावाची ती खूण असू शकते. तो १६०४ मध्ये वारला आणि काही नाटकं त्यानंतरची, हा आक्षेप मला माहीत आहे, पण कालनिर्णय बहुतेक नाटकांचा अंदाजानेच झालेला आहे. 'टेम्पेस्ट' चा बर्म्युडाच्या जहाजफुटीशी जोडलेला संबंधही वादग्रस्त आहे.

---

शिळाप्रेस

आडव्या रेघेचं उत्तर छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या पेटीत आहे.

तिरप्या वळणाच्या जुन्या टाइपात 'के' या अक्षराची शेपटी आणि लांब 'एस' चं डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर आलेलं असतं. 'शेक' आणि 'स्पिअर' च्या सांध्यावर हे दोन खिळे नेमके शेजारी आले तर बाहेर आलेले भाग एकमेकांवर चढतात आणि दाब पडला की तुटतात. म्हणून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, मध्ये काहीतरी घालायचा: एक 'ई', किंवा आडवी रेघ, किंवा दोन्ही. रँडल मॅक्लाउड यांनी हे जुने खिळे आणि छपाई बारकाईने पाहून दाखवलं. रेघ एकदा प्रचारात आली की पुढचा जुळारी जुनी प्रत समोर ठेवून तशीच उचलतो, मग टाइप सरळ असला तरी.

टोपणनावाची खूण असती तर ती पहिल्यांदाच हवी होती. नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १५९३ च्या 'व्हीनस अँड अडोनिस' च्या अर्पणपत्रिकेखाली. तिथे रेघ नाही. १५९४ च्या 'ल्युक्रीस' मध्येही नाही. दोन्हींचा मुद्रक रिचर्ड फील्ड, स्ट्रॅटफर्डचाच.

मात्र एक सावधगिरी दोन्ही बाजूंनी बाळगायला हवी. शीर्षकपानावर नाव आहे एवढ्याने लेखक सिद्ध होत नाही. 'सर जॉन ओल्डकासल' हे नाटक १६०० सालच्या छपाईचं म्हणून शेक्सपिअरच्या नावाने मिळतं. पण हेन्स्लो या नाट्यगृहमालकाच्या हिशोबवहीत १५९९ च्या ऑक्टोबरात त्या नाटकासाठी १० पौंड मंडे, ड्रेटन, विल्सन आणि हॅथवे या चौघांना दिल्याची नोंद आहे. शिवाय ती छपाई १६०० ची नाहीच. १९०८ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी कागद उजेडाला धरून त्यातली जलचिन्हं जुळवली. १६००, १६०८, १६१९ अशी निरनिराळी वर्षं छापलेल्या दहा नाटकांचा कागद एकाच साठ्यातला निघाला. सगळी छपाई १६१९ ची, बाकीची वर्षं खोटी. खपणारं नाव प्रकाशक कुठेही चिकटवत होते.

त्यामुळे नावाला जोड हवी ती मंडळीच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही साक्षींची. १६२३ चा फोलिओ त्यात बसतो: ३६ नाटकं, त्यातली १८ आधी कधीच न छापलेली, संपादक हेमिंग्ज आणि कॉन्डेल, म्हणजे मृत्युपत्रात अंगठ्या मिळालेले तेच दोघे. त्याच ग्रंथात लेनर्ड डिग्ज स्ट्रॅटफर्डच्या स्मारकाचा उल्लेख करतो आणि जॉन्सन 'एव्हनचा हंस' म्हणतो (एव्हन ही स्ट्रॅटफर्डची नदी).

---

तिसरी घंटा

'टेम्पेस्ट' बद्दल जहाजफुटी बाजूला ठेवू. तिचं वर्णन करणाऱ्या स्ट्रेचीच्या १६१० च्या पत्राचा उपयोग झाला असं माझं मत आहे, पण त्याशिवायही भागतं.

किंग्ज मेन या शेक्सपिअरच्या मंडळीला ब्लॅकफ्रायर्सचं बंदिस्त नाट्यगृह १६०८ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. आत मेणबत्त्यांचा उजेड. वाती अधूनमधून कातराव्या लागतात, नाहीतर ज्योत धुरकटते आणि मेण ओघळतं. त्यासाठी प्रत्येक अंकानंतर थांबून वाजप ठेवायची प्रथा आली. ग्लोबच्या उघड्या नाट्यगृहात खेळ सलग चाले.

त्या काळचा एक संकेत होता: एका प्रवेशाच्या शेवटी आत गेलेलं पात्र लगेच पुढच्या प्रवेशाच्या सुरुवातीला येत नाही, कारण रंगमंच सलग वापरात असतो. 'टेम्पेस्ट' मध्ये चौथ्या अंकाच्या शेवटी प्रॉस्परो आणि एरियल आत जातात आणि पाचव्याच्या सुरुवातीला तेच दोघे पुन्हा येतात. मध्ये थांबा गृहीत धरल्याशिवाय असं कोणी लिहीत नाही. ऑक्सफर्ड जून १६०४ मध्ये वारला.

आणि फ्रान्सिस मीअर्सने १५९८ मध्ये सुखात्मिका लिहिणाऱ्यांची जी यादी दिली, तीत ऑक्सफर्डचा अर्ल आणि शेक्सपिअर ही दोन्ही नावं वेगवेगळी आहेत. एकाच वाक्यात.

---

नवखा_वाचक

तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनचं काय? नाटकं त्याची आणि सांकेतिक लिपीत त्याने नाव लपवलं होतं असं वाचलं होतं.

---

दप्तरखाना

डेलिया बेकन यांनी १८५७ मध्ये तो पक्ष मांडला, पुढे डॉनेली वगैरे मंडळींनी नाटकांतून गुप्त संदेश काढले. लष्करी संकेतलिपीचे नावाजलेले तज्ज्ञ विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने १९५७ मध्ये हे सगळे 'संकेत' तपासले. त्यांची कसोटी साधी होती: नियम आधी ठरलेले हवेत आणि त्याच नियमांनी दुसऱ्या माणसाने सोडवलं तरी तोच मजकूर निघायला हवा. एकही पद्धत टिकली नाही. नियम एवढे सैल की कुठल्याही पुस्तकातून कोणाचंही नाव काढता येतं.

---

वारंवारता

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण सहलेखन मोजता येतं. घरच्या संगणकावर करून बघायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात जुन्या, हाताने करायच्या मोजणीपासून करा. ती समजली की यंत्राचे आकडे आंधळेपणाने घेतले जात नाहीत. शेक्सपिअरच्या पद्यात ओळ दहा अक्षरांची, लघु-गुरूच्या पाच जोड्यांची. कधी शेवटी अकरावं, बिनआघाताचं अक्षर येतं. 'टु बी ऑर नॉट टु बी, दॅट इज द क्वेश्चन' मध्ये 'क्वेश्चन' चा शेवटचा तुकडा हे ते अकरावं. उत्तरकाळात शेक्सपिअरकडे अशा ओळी साधारण तीनात एक असतात. त्याच काळातल्या जॉन फ्लेचर या नाटककाराकडे अर्ध्याहून जास्त. १८५० मध्ये जेम्स स्पेडिंग यांनी या आणि अशा लकबींवरून 'हेन्री आठवा' ची वाटणी केली. तिसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश तर मधोमध तुटतो: राजा आत जाईपर्यंत शेक्सपिअर, तिथून पुढे फ्लेचर. दुसरी खूण सर्वनामांची. फ्लेचर 'देम' ऐवजी 'एम' आणि 'यू' ऐवजी 'यी' सढळ हाताने वापरतो. सायरस हॉय यांनी १९५६ ते १९६२ मध्ये या बारीक शब्दांवरच फ्लेचरच्या नाटकांची वाटणी केली.

यंत्राने करायचं तर 'आर' या संगणकभाषेतलं 'स्टायलो' पॅकेज घ्या, फुकट आहे. 'कॉर्पस' नावाचा फोल्डर करून त्यात प्रत्येक नाटकाची साधी टेक्स्ट फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा. फाइलीच्या नावात आधी लेखक, मग अधोरेघ, मग नाटक. अधोरेघेआधीचा भाग पाहूनच पॅकेज रंग देतं. मग सर्वांत जास्त येणारे १०० शब्द घेऊन डेल्टा काढा, ५०० पर्यंत वाढवत न्या. डेल्टाची पद्धत जॉन बरोज यांची, २००२ ची: प्रत्येक शब्दाची वारंवारता घ्यायची, सगळ्या संग्रहाच्या सरासरीपासून ती किती प्रमाणविचलन दूर आहे ते काढायचं, आणि दोन संहितांमधल्या या फरकांची सरासरी म्हणजे त्यांच्यातलं अंतर. 'द', 'अँड', 'ऑफ', 'बट' असले शब्द लेखक जाणूनबुजून निवडत नाही, म्हणून तेच उपयोगी.

बहुतेकांचा प्रयोग फसतो तो संहिता साफ करण्यात. संवादाआधीची पात्रांची नावं आणि रंगसूचना काढल्या नाहीत तर 'किंग' हा शब्द वर येतो आणि ऐतिहासिक नाटकं लेखक न बघता एकत्र जमतात. शेक्सपिअर आधुनिक स्पेलिंगच्या आवृत्तीतून आणि मार्लो जुन्या छपाईवरून उतरवलेला घेतला तर यंत्र लेखक ओळखत नाही, संपादक ओळखतं. सगळं एकाच स्पेलिंगमध्ये आणा. जुनी स्पेलिंगं सरळ करायला 'व्हार्ड' नावाचं साधन आहे. तिसरी गोष्ट फार बारीक आहे आणि तीच सगळ्यात जास्त नडते: 'एम' आधीचं लोपचिन्ह. एका फाइलीत ते सरळ, दुसरीत वाकडं असेल तर यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि फ्लेचरची मुख्य खूणच पुसली जाते.

आणखी एक. छोटा तुकडा घेऊ नका. पाच हजार शब्दांच्या खाली आकडे डळमळू लागतात, एखाद-दोन पानांवर तर डेल्टा लावूच नये.

---

पृच्छक

पण आकडेशास्त्राने इथे मोठे घोळही घातले आहेत. मेंडेनहॉलने १९०१ मध्ये शब्दांची लांबी मोजून मार्लो आणि शेक्सपिअर तंतोतंत जुळतात असं दाखवलं होतं. नाटकं मार्लोची मानणारे आजही तो आलेख दाखवतात.

---

वारंवारता

बरोबर आहे, आणि तो का फसला हे सांगणं गरजेचं आहे. बेकन जुळत नाही असं ठरवताना मेंडेनहॉलने बेकनचं गद्य आणि शेक्सपिअरचं पद्य शेजारी ठेवलं. १९७५ मध्ये सी. बी. विल्यम्स यांनी फिलिप सिडनीचं गद्य आणि सिडनीचंच पद्य घेतलं, तर त्या दोहोंत तसाच फरक निघाला. म्हणजे मोजलं गेलं ते गद्य-पद्य. मार्लो आणि शेक्सपिअर जुळले कारण दोघांचीही नाट्यपद्यं.

दुसरा मोठा घोळ १६१२ च्या 'डब्ल्यू. एस.' अशी सही असलेल्या एका शोककाव्याचा. डॉनल्ड फॉस्टर यांनी ते शेक्सपिअरचं ठरवलं, नव्वदच्या दशकात त्याची मोठी प्रसिद्धी झाली, काही समग्र आवृत्त्यांत ते छापलंही गेलं. २००२ पर्यंत ते नाटककार जॉन फोर्डचं असल्याचं मोन्सारा आणि ब्रायन व्हिकर्स यांनी दाखवलं आणि फॉस्टर यांनी ते मान्य केलं. इथला धडा नेमका आहे: स्पर्धेत फोर्डला नीट उभंच केलं नव्हतं. तुमच्या फोल्डरमध्ये खरा लेखक नसेल तर यंत्र उरलेल्यांतला सर्वांत जवळचा काढून देतं आणि तो आकडा दिसायला खात्रीचाच दिसतो. म्हणून आधी लेखक ठाऊक असलेली आठ-दहा नाटकं निनावी करून चालवा. ती चुकली तर पुढे जाऊ नका.

या सगळ्या गाळण्यांतून टिकलेलं चित्र असं: 'टायटस' च्या पहिल्या अंकात जॉर्ज पील, 'टायमन' मध्ये मिडलटन, 'पेरिक्लीज' चे पहिले दोन अंक जॉर्ज विल्किन्स, 'हेन्री आठवा' आणि 'टू नोबल किन्समेन' मध्ये फ्लेचर. 'हेन्री सहावा' मध्ये मार्लोचा हात २०१६ च्या न्यू ऑक्सफर्ड आवृत्तीने छापला. मला तो अजून वादातला वाटतो. एका गोष्टीकडे लक्ष द्या. ऑक्सफर्ड वारला त्या १६०४ मध्ये फ्लेचर नुकताच लिहू लागत होता. 'टू नोबल किन्समेन' मधला मॉरिस नाच २० फेब्रुवारी १६१३ ला झालेल्या बोमंटच्या दरबारी खेळातून उचललेला आहे.

---

भूर्जपत्र

आपल्याकडे याला समांतर खटला संस्कृत नाटककार भासाचा आहे, आणि तो याच्या नेमका उलटा आहे. कालिदास 'मालविकाग्निमित्रा'त भासाला नावाजतो, राजशेखर सांगतो की भासाची नाटकं परीक्षेसाठी आगीत टाकली तेव्हा 'स्वप्नवासवदत्ता'ला अग्नी जाळू शकला नाही. पण नाटकं हाती नव्हती. १९०९ मध्ये गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरात मल्याळम लिपीतल्या ताडपत्रांवर नाटकं मिळाली, १९१२ पासून अशी तेरा नाटकं त्रिवेंद्रमहून छापली गेली. त्यांतल्या एकाही नाटकात लेखकाचं नाव नाही. नांदीनंतर सूत्रधार येतो, प्रस्तावनेऐवजी 'स्थापना' शब्द आहे, आणि एवढ्या घाटाच्या साम्यावर आणि 'स्वप्नवासवदत्ता'च्या नावावर तेराही भासाच्या पदरात टाकली गेली. केरळातल्या नटांनी रंगावृत्त्या करताना तोच घाट सगळ्यांना दिला असावा, असा आक्षेप तेव्हापासून आहे. तिथे नाव आहे ते बाहेरच्या ग्रंथांत. शेक्सपिअरच्या बाबतीत नाव पुस्तकावर, मंडळीच्या कागदांत, दरबारच्या हिशोबात सगळीकडे आहे. शंका घ्यायचीच तर तिला जागा भासाकडे जास्त आहे.

---

पृच्छक

भासाची तुलना आवडली. दप्तरखाना, शेवटचं विचारतो. शेक्सपिअरच्या हातची म्हणतात ती 'सर थॉमस मोर' या नाटकाच्या हस्तलिखितातली पानं कितपत भरवशाची? सहा सह्यांवरून तीन पानांचं अक्षर कसं ओळखणार?

---

दप्तरखाना

नुसत्या अक्षरावरून नाहीच ओळखता येणार, तुमचा आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश लायब्ररीतलं हे हस्तलिखित, हार्ली ७३६८, अनेक हातांनी दुरुस्त केलेलं आहे. त्यातला 'हँड डी' म्हणून ओळखला जाणारा हात तीन पानांवर १४७ ओळी लिहितो. परकीयांवर चालून आलेल्या जमावाला मोर शांत करतो तो प्रवेश. १९१६ मध्ये माँड टॉम्प्सन यांनी त्या अक्षराची सह्यांशी तुलना केली. सह्यांत अक्षरं इतकी थोडी आहेत की तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

पण त्या पानांवर 'सायलेन्स' हा शब्द 'एस' नंतर 'सी' घालून लिहिलाय. हे फारच दुर्मिळ वळण आहे. छापील नाटकांत ते कुठे भेटतं? तिसरी घंटा यांनी सिंक्लोसाठी जी प्रत दाखवली त्याच 'हेन्री चौथा' भाग दोनच्या १६०० च्या प्रतीत, न्यायाधीश सायलेन्सच्या नावात, पुन्हा पुन्हा. ती प्रत लेखकाच्या कच्च्या खर्ड्यावरून जुळवली असावी असं नटाचं नाव सांगतंच, स्पेलिंगही तेच सांगतं. त्यात शब्दांची निवड आणि प्रतिमांची जुळणी मिळवली की तीन स्वतंत्र वाटा एकाच माणसाकडे जातात.

तपासून पाहायचं असेल तर पानांच्या चित्रांबरोबर अक्षरशः उतरवलेली प्रत शेजारी घ्या, स्पेलिंग सरळ केलेली घेऊ नका. त्यातले दुर्मिळ स्पेलिंगचे शब्द वेगळे काढा आणि ते १६०० च्या आधी-नंतरच्या छापील नाटकांच्या जुन्या स्पेलिंगच्या संग्रहात शोधा. एखादाच शब्द जुळला तर सोडून द्या. मंडे, डेकर, चेटल, हेवुड या त्याच हस्तलिखिताशी जोडल्या जाणाऱ्या लेखकांचीही तशीच झडती घ्या. त्यांच्याकडे किती जुळतं ते मांडल्याशिवाय शेक्सपिअरच्या बाजूचा आकडा एकटा लिहू नका.